ओपनिंगमधली चूक पटावर असताना कशी दिसते? (इंजिन सांगतं तेव्हा बैल गेलेला असतो)

पटावरचा_पाहुणा

मंडळी, कालचा बुद्धिबळाचा डाव. मी पांढरा, दहा मिनिटांचा खेळ.

१. डी४ डी५ २. सी४ डी×सी४ ३. ई३ बी५ ४. ए४ सी६ ५. ए×बी५ सी×बी५

(व म्हणजे वजीर, ह हत्ती, उ उंट, घो घोडा, रा राजा. नुसतं घर लिहिलं असेल तर प्यादं. × म्हणजे मारणं, + म्हणजे शह, ? चूक, ?? घोडचूक, ! झकास खेळी, आकड्यापुढे तीन टिंबं म्हणजे काळ्याची खेळी.)

इथे मी चांगला अर्धा मिनिट विचार केला आणि खेळलो ६. घो-एफ३. का? तर घोडे बाहेर काढावेत, लवकर किल्लेकोट करावा, हे लहानपणापासून ऐकलेलं. पुढे डाव रडतखडत चालला आणि मी हरलो. संपल्यावर इंजिनला (बुद्धिबळाच्या प्रोग्रामला) दाखवला तर सहाव्या खेळीवर भलंमोठं प्रश्नचिन्ह. तिथे ६. व-एफ३ होतं! वजीर थेट ए८च्या हत्तीवर, मधे चिटपाखरू नाही. काळ्याने घोडा सी६वर आडवा घातला तर घोडा जातो, उंट बी७वर घातला तर उंट जातो. काही ना काही जाणारच.

आणि मी काय केलं, तर वजिराला जिथे यायचं होतं नेमक्या त्याच घरात घोडा नेऊन बांधला.

आता माझा प्रश्न. ही पोझिशन मला कोडं म्हणून दिली असती तर पाच सेकंदांत सुटली असती. कारण कोड्यात 'इथे काहीतरी आहे' हे आधीच माहीत असतं. डावात खांद्यावर टकटक करून कोणी सांगत नाही. समोरचा ओपनिंगमध्ये चुकलाय हे तुम्हाला पटावर बसलेले असताना कसं कळतं? सापळ्यांची यादी पाठ करायची, की आणखी काही करता?

शून्य_सहा

म्हणजे घोडं पेंड खात होतं ते एफ३वर. 😄

सापळेबाज

पाठ करा. सरळ उत्तर. लोक नाकं मुरडतात, पण आपल्यासारख्यांचे निम्मे डाव पहिल्या पंधरा खेळ्यांत ठरतात. माझं आवडतं:

१. डी४ ई५ २. डी×ई५ घो-सी६ ३. घो-एफ३ व-ई७ ४. उ-एफ४ व-बी४+ ५. उ-डी२ व×बी२ ६. उ-सी३?? उ-बी४! ७. व-डी२ उ×सी३ ८. व×सी३ व-सी१ मात.

पांढऱ्याला वाटतं वजीर सापडला आता, आणि आठव्या खेळीत मात. किती जणांना घातलंय याची मोजदाद नाही.

वजीरबाई

आणि ज्याला ६. घो-सी३ माहीत आहे त्याच्यासमोर? तुम्ही प्यादं परत मिळवलंत हे खरं, पण वजीर बी२वर एकटा भटकतोय, बाकीची फौज घरात झोपलेली. पांढरा खुशाल खेळतो. एंग्लंड गँबिट (तुमचं हे १...ई५ करून प्यादं देणं) ही पैज आहे. समोरच्याला माहीत नसलं तर ठीक.

पाहुण्यांनी विचारलंय की चूक *ओळखायची* कशी. तुम्ही सांगताय चूक *करवून घ्यायची* कशी. दोन वेगळ्या गोष्टी.

सापळेबाज

ताई, पण करवून घेता घेताच ओळखायला शिकतो ना माणूस. जो दहा जणांना खड्ड्यात पाडतो त्याला खड्डा लांबून दिसतो.

उंटावरचा_शहाणा

यावर माझी कहाणी ऐका. नाव उगाच घेतलेलं नाही.

मी नुकता लीगलचा मात शिकलो होतो. फिलिडोरचा गुरू असलेला अठराव्या शतकातला हा फ्रेंच माणूस. मूळ कल्पना अशी: १. ई४ ई५ २. घो-एफ३ डी६ ३. उ-सी४ उ-जी४ ४. घो-सी३ जी६? ५. घो×ई५! घोडा जखडलेला, मागे वजीर, तरी तो उचलायचा. काळ्याने वजीर मारला (५...उ×डी१) की ६. उ×एफ७+ रा-ई७ ७. घो-डी५ मात. तीन हलकी मोहरी आणि राजाला एक घर नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रात्रभर झोप नव्हती.

दुसऱ्या दिवशी क्लबात समोरच्याने ३...उ-जी४ केलं आणि माझे हात शिवशिवायला लागले. ४. घो-सी३ घो-सी६. मी घाम पुसत ५. घो×ई५. काय तो थाट! त्याने पटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे सी६चा घोडा ई५वर आणून माझा घोडा खाल्ला. आता तोच घोडा जी४च्या उंटाला राखतोय. माझ्या वजिराने उंट मारला तर घोडा वजीर मारणार. वर सी४च्या माझ्या उंटावरही त्याचा डोळा. एक घोडा देऊन मला मिळालं एक प्यादं.

तो ऐन वेळी म्हणाला, "अहो, हा सी६वर घोडा नसताना करतात." पाठांतराचं हे असं असतं. चित्र पाठ होतं, पण चित्रात कोण कुठे *नसावं* हे पाठ होत नाही.

शून्य_सहा

अडीच घरं चालणाऱ्याने अडीच मिनिटांत अक्कल दिली.

वजीरबाई

शहाणे, या गोष्टीचा पुढचा भाग तर आणखी छान आहे. तुम्ही आधी ५. एच३ विचारलं असतं आणि त्याने ५...उ-एच५ केलं असतं, तर ६. घो×ई५ पुन्हा बरोबर! कारण आता उंट एच५वर, आणि ई५वर येणारा घोडा एच५ राखत नाही, फक्त जी४ राखतो. ६...घो×ई५ ७. व×एच५ घो×सी४ ८. व-बी५+ आणि पुढच्या खेळीत सी४चा घोडा परत. हिशोबाला एक प्यादं वर. उंट एक घर मागे सरकला, एवढाच फरक. तेवढ्याने चुकीची खेळी बरोबर ठरली.

पाहुणे, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच दिसतं. सापळ्याचं नाव नको, *कोण कोणाला राखतंय* ते मोजा.

जुने_प्यादे

वाचत होतो, आता लिहितो. जरा लांब होईल.

मी बरीच वर्षं मुलांना शिकवलं. पाहुण्यांचीच तक्रार प्रत्येक मुलाची असते, "सर, घरी दिसतं, डावात दिसत नाही." मी त्यांना एक सवय लावायचो. समोरच्याने खेळी केली की आपण सगळे पहिला प्रश्न विचारतो, 'ही कशासाठी केली?' तो योग्यच आहे. पण तो अर्धा प्रश्न झाला. उरलेला अर्धा असा: ही खेळी करताना त्याने काय सोडलं? मोहरं एका घरी जातं तेव्हा दुसरं घर रिकामं करतं. ते आधी काहीतरी राखत होतं किंवा काहीतरी अडवत होतं. तिथे बघा.

पाहुण्यांचीच पोझिशन घ्या. सी६वरचं प्यादं बी५वर गेलं. का गेलं ते उघड आहे, प्यादं परत मारायला. काय सोडलं? सी६. आणि सी६वरचं ते प्यादं ही ए८ ते एच१ या लांब तिरक्या रेषेवरची एकमेव भिंत होती, कारण बी७चं प्यादं आधीच बी५ला गेलं होतं. दोन प्याद्यांनी मिळून कवाड उघडलं आणि कवाडाच्या टोकाला हत्ती, ज्याला त्या क्षणी कोणीच राखत नाही. एवढं पाहिलं की 'या रेषेवर मी कोणाला आणू शकतो?' हा प्रश्न आपोआप येतो. वजीर, एफ३.

काळ्याची खरी चूक ५...सी×बी५ नाहीच, ती आधीच झाली. सी४चं प्यादं धरून ठेवायचा हट्ट ही चूक. ४...ए६ केलं तरी ५. ए×बी५ आणि ए६चं प्यादं परत मारू शकत नाही, कारण मागचा हत्ती ए१च्या हत्तीच्या तोंडी जातो. क्वीन्स गँबिट ॲक्सेप्टेडमध्ये (म्हणजे याच २...डी×सी४मध्ये) प्यादं घ्यावं, पण त्यावर संसार थाटू नये.

दुसरी गोष्ट, सुटी मोहरी. ज्याला कोणी राखत नाही ते सुटं. इंग्लंडचे ग्रँडमास्टर जॉन नन यांनी या कल्पनेला LPDO (Loose Pieces Drop Off) हे चार अक्षरांचं छोटं नाव दिलं आणि ते जगभर रूढ झालं. सुटं मोहरं पडतं, एवढाच त्याचा अर्थ. ओपनिंगमध्ये मोहरी घाईघाईने बाहेर येतात, त्यामुळे सुटी मोहरी सगळ्यांत जास्त तेव्हाच असतात. दर खेळीला पटावरची सुटी मोहरी मनात मोजा, दोन्ही बाजूंची. सुरुवातीला कंटाळा येतो. महिन्याभराने डोळेच मोजतात.

पटावरचा_पाहुणा

काका, 'काय सोडलं' हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. 🙏

रात्रीचा_ब्लिट्झ

सगळं मान्य, पण तीन मिनिटांच्या डावात कोणाला वेळ आहे कवाडं मोजायला? तिथे बोटं खेळतात.

जुने_प्यादे

मग बोटांना शिकवा. आणि खरं सांगू, तीन मिनिटांच्या डावांत ही नजर तयार होत नाही. फक्त वापरली जाते. तयार व्हायला पंधरा-वीस मिनिटांचा डाव हवा.

पहिलीच_पोस्ट

नमस्कार, मी नवीन आहे, खेळातही आणि इथेही. मला सतत १. ई४ ई५ २. व-एच५ असं खेळणारे भेटतात. वजीर हाकलायला मी २...जी६ केलं तर उलट हत्तीच गेला. 😞 मी नेमकं काय चुकलो?

वजीरबाई

स्वागत! तुम्हाला वाटलं वजिराची नजर एफ७वर आहे. आहेच, पण त्याच वेळी ई५च्या प्याद्यावरही आहे, आणि ते सुटं आहे. ३. व×ई५+ शह पण, आणि एच८च्या हत्तीवर हल्ला पण, कारण जी७चं प्यादं तुम्ही पुढे नेलंत आणि तिरकी रेष उघडली. काकांचा प्रश्न बघा: जी६ने काय सोडलं? जी७.

म्हणून आधी २...घो-सी६, ई५ राखा. ३. उ-सी४ आलं की आता एफ७वर मात आहे. *आता* ३...जी६. ४. व-एफ३ ला ४...घो-एफ६. पांढऱ्याचा वजीर इकडून तिकडे हिंडत राहतो आणि तुमची मोहरी बाहेर येत राहतात. ३...घो-एफ६ मात्र नको, ४. व×एफ७ मात.

पहिलीच_पोस्ट

क्रम बदलला की सगळंच बदलतं! धन्यवाद ताई.

इंजिनवाला

मी वेगळं मत मांडतो. इतकं तत्त्वज्ञान कशाला? प्रत्येक डाव संपल्यावर स्टॉकफिशवर टाका, पहिली चूक कुठे ते बघा, वहीत उतरवा. शंभर डावांनंतर तुमच्या ओपनिंगमधल्या ठराविक चुका संपतात. मी ओपनिंग अशीच सुधारली.

वजीरबाई

इंजिन 'काय' सांगतं, 'का' सांगत नाही. पाहुण्यांनाही इंजिनने व-एफ३ सांगितलंच की. प्रश्न तिथून *सुरू* झाला.

इंजिनवाला

'का' शोधायला डोकं आपलंच लागतं, कोण नाही म्हणतंय. पण चूक कुठे आहे हेच माहीत नसेल तर डोकं कुठे लावणार? मी तर म्हणतो आधी स्वतः बघा, खूण करा, मग इंजिन. उलट क्रमाने केलं तर वरातीमागून घोडं.

जुने_प्यादे

याला माझा पूर्ण पाठिंबा. आधी स्वतः, मग यंत्र.

ई_पट्टी

माझी भर. ओपनिंगमधले अपघात मला एकाच जागी जास्त दिसलेत, आणि म्हणून हे नाव. दोघांचे राजे ई१ आणि ई८वर, किल्लेकोट झालेला नाही, आणि मधली पट्टी उघडी. अशा वेळी ई२ किंवा ई७वर वजीर आला की कान टवकारायचे.

पेट्रोव्ह: १. ई४ ई५ २. घो-एफ३ घो-एफ६ ३. घो×ई५ घो×ई४? ४. व-ई२. आता काळ्याचा घोडा घाबरून ४...घो-एफ६ला पळाला की ५. घो-सी६+. घोडा हटला, मागून वजिराचा शह, आणि घोडा डी८च्या वजिरावर. खेळ खलास. ३...डी६ने आधी घोडा हाकलायचा, मग ई४ मारायचं, हा क्रम.

कारो-कान: १. ई४ सी६ २. डी४ डी५ ३. घो-सी३ डी×ई४ ४. घो×ई४ घो-डी७ ५. व-ई२. इथे ५...घो-जीएफ६?? खेळलात तर ६. घो-डी६ मात! ई७चं प्यादं डी६वर मारायला बघतं, पण ते राजासमोर जखडलेलं. अलेखिनने १९३५ साली माजोर्कात मिळून खेळणाऱ्या चार हौशी खेळाडूंना असंच गारद केलं होतं.

आणि हाच मात आरशात: बुडापेस्ट गँबिट. १. डी४ घो-एफ६ २. सी४ ई५ ३. डी×ई५ घो-जी४ ४. उ-एफ४ घो-सी६ ५. घो-एफ३ उ-बी४+ ६. घो-बीडी२ व-ई७ ७. ए३ घो-जी×ई५ ८. ए×बी४?? घो-डी३ मात. फुकटचा उंट खाल्ला आणि राजा स्वतःच्याच माणसांत गुदमरला.

वजीर ई२वर येतो तेव्हा दिसायला किती बावळट खेळी! स्वतःच्याच उंटाची वाट अडवतो. म्हणूनच. जी खेळी दिसायला बावळट आहे आणि खेळणारा बावळट नाही, तिथे थांबा.

शून्य_सहा

चार हौशी मिळूनही एक ई७ पाहू शकले नाहीत. समिती म्हणतात ती हीच.

अनाहूत_सल्ला

ई पट्टीचा सगळ्यांत प्रसिद्ध बळी विसरलात. बीएल, १९८८. कोलंबियाचे झापाता विरुद्ध आनंद. पेट्रोव्हच. १. ई४ ई५ २. घो-एफ३ घो-एफ६ ३. घो×ई५ डी६ ४. घो-एफ३ घो×ई४ ५. घो-सी३ उ-एफ५?? ६. व-ई२ आणि आनंदने डाव सोडला. सहा खेळ्या!

ई४चा घोडा राजासमोर जखडला. ६...डी५ने राखला तर ७. डी३, आणि तो हलू शकत नाही. ६...व-ई७ केलं तर ७. घो-डी५ वजिरावर, शिवाय सी७वरही नजर.

गंमत अशी की ५...उ-एफ५ आधी मोठ्या खेळाडूंच्या डावात खेळली गेली होती. माइल्स विरुद्ध ख्रिश्चनसेन, १९८७. तिथे पांढऱ्याने व-ई२ न खेळता घोड्याने घोडा घेतला आणि डाव बरोबरीत सुटला. छापलेल्या डावावर विश्वास ठेवला, एवढीच आनंदची चूक. त्याच वर्षी तो ग्रँडमास्टर झाला आणि पुढे विश्वविजेताही, त्यामुळे आपण सगळ्यांनी खुशाल चुकावं. 😄

सापळेबाज

म्हणजे पाठांतराने आनंदसुद्धा पडला. बरं, या फेरीत मी हरलो.

उंटावरचा_शहाणा

सापळेबाज, तुमच्यासाठी खास. सापळ्यातला सापळा, मॉर्टिमरचा. १. ई४ ई५ २. घो-एफ३ घो-सी६ ३. उ-बी५ घो-एफ६ ४. डी३ घो-ई७. प्यादं फुकट दिसतंय. ५. घो×ई५? सी६! उंटावर हल्ला, आणि उंट हलला की व-ए५+ करून ई५चा घोडा टिपणार. पण पांढऱ्याने ६. घो-सी४ केलं, आणि काळ्याने अधाशासारखा उंट खाल्ला, ६...सी×बी५??, तर ७. घो-डी६ मात! ई_पट्टी यांचाच मात, फक्त इथे राजा कोंडायला काळ्याचा स्वतःचा ई७चा घोडा. बरोबर उत्तर ६...डी६. मग ७. उ-ए४ बी५ आणि मोहरं येतंच.

शिकारी समजतो आपण शिकारी आहोत, तेवढ्यात हे असं.

पहिलीच_पोस्ट

हे पटावर मांडून पाहिलं. तीनदा. अजून हसतोय.

अनाहूत_सल्ला

विषयांतर होतंय, पण सापळ्यातलं सौंदर्य निघालंच आहे तर अल्बिन काउंटर गँबिटमधला लास्करचा सापळा घ्या. १. डी४ डी५ २. सी४ ई५ ३. डी×ई५ डी४ ४. ई३? उ-बी४+ ५. उ-डी२ डी×ई३! ६. उ×बी४?? ई×एफ२+ ७. रा-ई२ आणि आता प्यादं जी१चा घोडा मारून... घोडा होतं! वजीर नाही. वजीर केला तर पांढरा डी८वर वजिरांची अदलाबदल करून मग जी१चा नवा वजीर हत्तीने खातो. घोडा केला की शह बसतो, पांढऱ्याला उसंतच नाही. हत्तीने तो घोडा मारला तर उ-जी४+, राजा हलला की मागचा वजीर गेला.

प्याद्याचा फर्जी झालेला सगळ्यांनी ऐकलंय. प्याद्याचा घोडा झालेला, तोही सातव्या खेळीत, इथेच.

रात्रीचा_ब्लिट्झ

माझं दुःख वेगळं. फ्राइड लिव्हर. १. ई४ ई५ २. घो-एफ३ घो-सी६ ३. उ-सी४ घो-एफ६ ४. घो-जी५ डी५ ५. ई×डी५ घो×डी५ ६. घो×एफ७! माझा राजा दर वेळी ई६वर उघडा फिरायला निघतो. प्रत्येक वेळी ठरवतो की आता नाही, आणि बोटं पुन्हा डी५चं प्यादं मारतात.

जुने_प्यादे

५...घो-ए५. उंटाला विचारायचं, कुठे जातोस. ६. उ-बी५+ सी६ ७. डी×सी६ बी×सी६. एक प्यादं जातं, पण तुमची मोहरी भराभर बाहेर येतात, पांढऱ्याची मागे हटत राहतात. शंभर वर्षांहून जास्त काळ हे खेळलं जातंय.

मूळ मुद्दा तोच. एफ७ हे सुरुवातीला फक्त राजाने राखलेलं एकमेव प्यादं. त्यावर दोन मोहरी रोखलेली असताना तुमचा एफ६चा घोडा डी५वर जातो, म्हणजे काय सोडतो? जी४, एच५ ही घरं. एफ३वर येणाऱ्या वजिराला एफ७पर्यंतची पट्टी मोकळी. आणि स्वतः डी५वर अडकून बसतो.

वजीरबाई

एफ७ निघालं म्हणून. लहानपणीचा फिशर, पंधरा वर्षांचा, अमेरिकन अजिंक्यपद १९५८-५९, समोर रेशेव्हस्की. सिसिलियन. १. ई४ सी५ २. घो-एफ३ घो-सी६ ३. डी४ सी×डी४ ४. घो×डी४ जी६ ५. घो-सी३ उ-जी७ ६. उ-ई३ घो-एफ६ ७. उ-सी४ ०-० ८. उ-बी३ घो-ए५? ९. ई५! घो-ई८? १०. उ×एफ७+! रा×एफ७ ११. घो-ई६! आणि वजीर पट भरलेला असताना डी८वरच कोंडून मेला. डी×ई६ केलं तर व×डी८. राजाने घोडा मारला तर व-डी५+ रा-एफ६, व-एफ५ मात.

यात मला आवडतो तो ८...घो-ए५चा गुन्हा. घोडा गेला बी३चा उंट मारायला, दिसायला अगदी शहाणी खेळी. सोडलं काय? डी४ आणि ई५. सी६वर असता तर पांढऱ्याचं ई५ इतक्या सहज आलं नसतं. काका, तुमचा प्रश्न इथे चपखल बसतो.

इंजिनवाला

मान्य. हे 'का' इंजिनने मला कधी सांगितलं नसतं. पण पोझिशन शोधायला तेच लागलं असतं, हेही लिहून ठेवा.

शून्य_सहा

लिहिलं. तारीख टाकून ठेवली.

पटावरचा_पाहुणा

आठवड्याने परत आलोय. धागा वर काढल्याबद्दल माफी, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आज पांढरा होतो. १. डी४ डी५ २. सी४ ई६ ३. घो-सी३ घो-एफ६ ४. उ-जी५ घो-बीडी७ ५. सी×डी५ ई×डी५.

एफ६चा घोडा माझ्या जी५च्या उंटाने जखडलेला, मागे वजीर. म्हणजे डी५चं प्यादं नावालाच राखलेलं. घोडा उचलला, डी५च्या दिशेने नेलाही (माउसवर होता, सोडला नव्हता). तेवढ्यात शहाणेंचा लीगल आठवला. जखडलेला घोडा *हलला तर?* वजीर जातो, हे खरं. पण वजीर देऊन त्याला काय मिळतं? ६. घो×डी५ घो×डी५ ७. उ×डी८ आणि मग ७...उ-बी४+. मला राजा हलवायला घरच नाही! वजीर डी२वर घालावा लागतो, तो उंट खातो, ९. रा×डी२ रा×डी८, आणि मी एक मोहरं खाली. माझ्या घोड्याने काय सोडलं? सी३. तो तिथे असता तर बी४चा शह बसलाच नसता.

घोडा परत सी३वर ठेवला. ६. ई३ खेळलो. आयुष्यात पहिल्यांदा फुकटचं प्यादं सोडलं आणि छातीत धडधडलं.

जुने_प्यादे

शाब्बास! ओठांवर हसू आलं वाचून.

अनाहूत_सल्ला

पाहुणे, तुम्ही स्वतः शोधलंत त्याला एलिफंट ट्रॅप म्हणतात. माहीत असलेला सगळ्यांत जुना डाव १८४८चा, बर्लिन, मेयेट विरुद्ध हारविट्झ. मेयेटने प्यादं खाल्लं होतं. तुम्ही नाही.

उंटावरचा_शहाणा

नाव एलिफंट, आणि चावतो कोण? बी४वरचा उंट! हत्ती तर कोपऱ्यात झोपलेला. हे कोणी ठेवलं नाव?

ई_पट्टी

रशियनमध्ये आपल्या उंटाला 'स्लोन' म्हणतात, म्हणजे हत्ती. नाव तिथून आलं की नाही माहीत नाही, पण त्यांच्या हिशोबाने तरी हत्तीच चावतो.

शून्य_सहा

मग त्यांच्याकडे सदस्यनाव 'हत्तीवरचा शहाणा' होतं का?

रात्रीचा_ब्लिट्झ

पाहुणे, ते सगळं ठीक, डाव जिंकलात का?

पटावरचा_पाहुणा

नाही. बेचाळिसाव्या खेळीला हरलो, हत्तीच्या अंतिम डावात. हत्ती एकदाचा जागा झाला, पण त्याचा. त्यावर वेगळा धागा काढतो.